मिटवामिटवी नव्हे: सोलापुरात बाल न्यायाचं काम शिकताना

दरवर्षी एमएसडब्ल्यूची (समाजकार्याची) आणि लॉची नवी मुलं क्षेत्रकार्याला येतात आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारतंच, "ताई, इथं मुलांना शेवटी सोडूनच देतात ना?" विचारणाऱ्याचा दोष नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवल्याचा आरोप असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला जामीन देताना ज्या अटी घातल्या गेल्या, त्यातली एकच सगळ्या महाराष्ट्राच्या लक्षात राहिली: अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध. तेव्हापासून बाल न्याय मंडळ, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांवरचे आरोप जिथं चालतात ते मंडळ, म्हटलं की लोक हसतात. निबंध ही जामिनाची अट होती, शिक्षा नव्हती आणि तो आदेश पुढं बदलला गेला, हे सांगायला गेलं तर ऐकून घ्यायला कुणी थांबत नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. निबंध लिहून द्यायचा कुणाला, तर मंडळाला. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांचा त्या कागदाशी संबंध काय?

मी सोलापूरचीच. आधी लॉ केलं, मग एमएसडब्ल्यू, आणि आता बरीच वर्षं एका छोट्या संस्थेतर्फे मंडळापुढं येणाऱ्या मुलांसोबत आणि त्यांच्यामुळं ज्यांचं नुकसान झालं त्या माणसांसोबत काम करते. या दुसऱ्या माणसांकडं आपल्याकडं फारसं कुणी बघत नाही. फिर्याद दिली, जबाब झाला, की त्यांनी घरी जायचं. मुलाचं पुढं काय झालं हेही त्यांना कुणी कळवत नाही. पुनर्स्थापनात्मक न्याय, म्हणजे नुकसान करणाऱ्यानं आणि नुकसान झालेल्यानं समोरासमोर बसून भरपाई कशी करायची ते ठरवणं, बोलताना आम्ही नुसतं 'रिस्टोरेटिव्ह' म्हणतो, तो या माणसांना परत आत बोलावतो. या कामात नव्यानं येणाऱ्यांना वर्गात जे मिळत नाही, ते इथं लिहिते आहे.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ चा आणि तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलिसांनी ताब्यात घेतलं की चोवीस तासांच्या आत मंडळापुढं आणायचं. लॉकअप नाही, बेड्या नाहीत, समोर येणारा पोलीस गणवेशात नको. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली किमान एक बाई. कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल तर गुन्हा किरकोळ, त्याहून जास्त असेल तर गंभीर आणि किमान शिक्षाच सात वर्षं किंवा त्याहून जास्त असेल तर निर्घृण. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल तरच त्याच्यावर प्रौढांसारखा खटला चालवायचा का, याची प्राथमिक तपासणी होते. एवढं परीक्षेसाठी पाठ होतंच.

पाठ होत नाही ते कलम ३. त्यात या कायद्याची सोळा मूलतत्त्वं आहेत आणि विद्यार्थी ती प्रस्तावनेसारखी वाचून सोडून देतात. शक्य तिथं न्यायालयीन कार्यवाहीत न अडकवता मुलाचा प्रश्न सोडवावा, संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, मुलाला नव्यानं सुरुवात करू द्यावी, हे सगळं तिथं आहे. मग कलम १८ उघडा: समज देऊन घरी पाठवणं, समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड, चांगल्या वर्तनाच्या हमीवर परिविक्षा (देखरेखीखाली मोकळं सोडणं) आणि शेवटी जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृह. नुकसान करणारा आणि नुकसान झालेला यांना समोरासमोर बसवायची पद्धत मात्र कुठं सविस्तर दिलेली नाही. आपण जे करतो ते कलम ३ आणि कलम १८ यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, मंडळाच्या परवानगीनं. म्हणूनच ते नीट करावं लागतं. नियमांचा आधार कमी असला की सगळा भार करणाऱ्यावर येतो.

कागद वाचायला शिका, हे माझं पहिलं सांगणं. वयाचा दाखला आधी बघा. आपल्याकडं निम्म्या पोरांची जन्मतारीख १ जून असते, शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली. कायदा आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघतो, ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणि काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. सतरा आणि अठरा यांच्या मधल्या त्या एका तारखेवर पोरगं निरीक्षणगृहात जाणार की जेलमध्ये, हे ठरतं.

दुसरा कागद म्हणजे परिविक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपासणी अहवाल. दोन आठवड्यांत द्यायचा असतो आणि एकेका अधिकाऱ्याकडं इतकी प्रकरणं असतात की बरेच अहवाल एकाच साच्यातले निघतात: 'आर्थिक परिस्थिती बेताची, वडील व्यसनी, संगत वाईट.' क्षेत्रकार्यात तुम्हाला गृहभेटीला पाठवतील तेव्हा ही तीन वाक्यं लिहायची नाहीत असं ठरवूनच जा. मग बघा काय काय दिसतं. विडी घरकुलातल्या एका खोलीत आई सुपात पानं घेऊन विड्या वळतेय, पोराची शाळा कधी सुटली ते तिला महिना नाही पण सण धरून आठवतंय: "गड्ड्याच्या जत्रेआधी जात होता." हे लिहा. जत्रा जानेवारीत, म्हणजे शाळा सुटली ती शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर. त्या महिन्यात काय झालं ते विचारता येतं.

सोलापुरात काम करायचं तर सेटलमेंटचा इतिहास माहीत असायलाच हवा. इंग्रजांनी १८७१ चा कायदा करून कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या आणि त्यांना कुंपणाच्या आत ठेवलं. आपल्या शहरात अशी मोठी वसाहत होती. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, वस्तीचं नाव अजून सेटलमेंटच आहे. आजही कुठं चोरी झाली की ठरावीक वस्त्यांतली पोरं आधी उचलली जातात, असं माझं निरीक्षण आहे आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या बहुतेकांचं तेच आहे. कायद्यानं मुलाबद्दल लिहिताना डाग लावणारे शब्द वापरायला मनाई केली आहे. त्यामुळं तुमच्या अहवालात 'आरोपी' नको, 'सराईत' तर नकोच. 'अमुक समाजाचा असल्याने' ही सुरुवात तर थेट १८७१ मध्ये नेऊन सोडते.

आता मूळ विषय. ही पद्धत कुठून आली हे विचारलं की सगळे कॅनडाची गोष्ट सांगतात, मीही सांगते, कारण ती खरंच सोपी आहे. ऑन्टारिओ प्रांतातल्या एल्मिरा नावाच्या गावात १९७४ मध्ये दोन पोरांनी दारूच्या नशेत एका रात्रीत बावीस ठिकाणी तोडफोड केली. परिविक्षेचं काम करणाऱ्या दोघांनी सुचवलं की या पोरांना त्या लोकांच्या दारी नेऊ या. न्यायाधीशांनी ऐकलं. पोरं घरोघर गेली, नुकसान किती झालं ते त्यांच्याच तोंडून ऐकलं आणि पुढच्या काही महिन्यांत भरपाई दिली. न्यूझीलंडनं १९८९ मध्ये याला कायद्याचं रूप दिलं. तिथं माओरी मुलं कुटुंबापासून तोडून संस्थांत भरली जात होती, त्याविरुद्धच्या संतापातून कुटुंब-बैठकीची पद्धत आली. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. बैठकीत मधेच अधिकारी, पोलीस, वकील सगळे खोलीबाहेर जातात आणि कुटुंबाला आपसात बोलून योजना ठरवायला एकटं सोडतात. खून आणि मनुष्यवध सोडला तर तिथं गंभीर गुन्ह्यांतही ही बैठक होते. आपल्याकडं बेंगळुरू, दिल्ली अशा शहरांत काही संस्था हे काम करतात. जिल्ह्याच्या ठिकाणी अजून हातावर मोजण्याइतकं आहे.

एक प्रकरण सविस्तर सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, तुम्हीही नेहमी बदला. कलम ७४ प्रमाणं मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि यात व्हॉट्सॲप स्टेटसही आलं.

अक्कलकोट रोडच्या बाजूला टॉवेलचा छोटा कारखाना. कांडी मशीनची, म्हणजे मागासाठी कांड्यांवर सूत भरणाऱ्या यंत्राची, मोटर जळाली होती, ती रिवाइंडिंग करून आणली आणि सकाळी बसवू म्हणून रात्री बाहेर कट्ट्यावरच राहिली. दोन पोरांनी ती उचलली, फोडली, आतली तांब्याची तार भंगारात घातली. एक पंधराचा, एक सोळाचा. कागदावर फिर्यादी एकच, कारखानदार. नुकसान एकच, मोटरची किंमत. (लहान मुलांना हाताशी धरून बेकायदा कामं करून घेणाऱ्या प्रौढाला याच कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. तरी भंगारवाल्याचं नाव कागदात कसं पातळ होत जातं, तो वेगळ्या लेखाचा विषय.)

मुलांना आधी वेगवेगळं भेटले. पहिल्या भेटीत मूल बोलत नाही. "चुकलं" एवढंच, तेही मान खाली घालून, कारण पोलीस, वकील, आई सगळ्यांनी तेच म्हणायला सांगितलेलं असतं. इथं 'का केलंस?' विचारू नका. 'का' म्हटलं की पोरगं तुम्हाला आवडेल असं कारण तयार करून देतं. आमचे प्रश्न ठरलेले असतात: काय झालं? त्या वेळी डोक्यात काय चाललं होतं? नंतर काय वाटत राहिलं? कुणाकुणाला त्रास झाला असेल? आता काय करायला हवं? ऑस्ट्रेलियातल्या वागा वागा शहरात पोलिसांनीच अशा बैठका सुरू केल्या, तिथून ही प्रश्नावली जगभर गेली. चौथ्या प्रश्नाला दोघांचं उत्तर सारखंच होतं. मालकाला. अजून कुणाला? आईला. मग गप्प.

मग कारखान्यात गेले. मालक म्हणाले, "मॅडम, माफीबिफी मला नको. मोटरचे पैसे द्या, नाहीतर दोघांना दोन महिने माझ्याकडं फुकट राबू द्या." असा प्रस्ताव येतोच, आणि मुलांचे पालकही त्याला चटकन 'हो' म्हणतात, कारण खिशातून काही जात नाही. तुम्ही मात्र तिथंच थांबवायचं. चौदाच्या आतल्या मुलाला कामाला लावणं बंद आहे, चौदा ते अठराला धोक्याची कामं बंद आहेत, आणि भरपाईच्या नावाखाली मागाच्या खात्यात पोरं बसवली तर एका गुन्ह्याची भरपाई दुसऱ्या गुन्ह्यानं होते. कायद्यातली समाजसेवा वेगळी. नियमांत तिची व्याख्या आहे: चौदाच्या वरच्या मुलांसाठी, बागेची देखभाल, वृद्धांची सेवा, दवाखान्यात मदत, अपंग मुलांना मदत, वाहतूक स्वयंसेवक असली कामं. कुणाच्या नफ्यासाठी नाही.

जाता जाता मी विचारलं, "मोटर नव्हती तेव्हा काम कसं चाललं, शेठ?"

"शेजारून भरलेल्या कांड्या आणल्या. माग बंद ठेवून कसं चालेल?"

"आणि कांड्या भरणाऱ्या?"

"त्या काय, घरी बसल्या."

हेच ते. कांड्या भरणाऱ्या दोघीजणी, मजुरी कामावर, काम नाही तर पैसे नाहीत. नवी मोटर येईपर्यंत दोघी घरी. त्यातल्या एकीचा बचत गटाचा हप्ता चुकला आणि गटातल्या बायका दारात येऊन बसल्या. फिर्यादीत तिचं नाव नाही, जबाब नाही, नुकसानीच्या रकान्यात ती नाही. कायद्याच्या नजरेत ही चोरी तिची झालीच नव्हती. 'कोणता कायदा मोडला?' ऐवजी 'कुणाचं काय बिघडलं?' असं विचारायला लागलं की अशी माणसं सापडायला लागतात. माझ्या अनुभवात बहुतेक प्रकरणांत कुणीतरी असतंच, आणि बहुतेक वेळा ती बाई असते.

तिला तयार करायला मला मालकापेक्षा जास्त वेळ लागला. ती म्हणे, "मी येऊन काय बोलू? मोटर माझी नव्हती." तिचं मराठी मोडकं, तेलुगूत बोलायला लागली की मात्र थांबायची नाही. शेवटी ती यायला तयार झाली ती एका अटीवर: मालक आधी बोलणार नाहीत. ही अट सोन्यासारखी होती. तिच्या पोटावर ज्यांचा हात, त्यांच्यानंतर ती बोलली असती तर 'हो, शेठ म्हणतात तसंच' यापुढं गेली नसती. मालकांना मी हे स्पष्ट सांगितलं. त्यांना आवडलं नाही, पण आले.

बैठक मंडळाच्या परवानगीनं एका शाळेच्या वर्गात, रविवारी. दोन्ही मुलं, एकाची आई, दुसऱ्याचा चुलता (वडील आलेच नाहीत), मालक, कांड्यावाल्या अक्का, परिविक्षा अधिकारी, मी आणि तेलुगू जाणणारा आमचा एक सहकारी. खुर्च्या सगळ्या एकाच उंचीच्या, मध्ये टेबल नाही. सुताचं एक रीळ हातोहात फिरवायचं, ज्याच्या हातात तो बोलणार, बाकीचे ऐकणार. टेबल नसण्यावरून नवखे लोक हसतात. पण टेबल असलं की त्यामागं कुणीतरी साहेब होऊन बसतो, हे मी पाहिलेलं आहे.

अक्का बोलल्या. हप्त्याचं सांगितलं, दारात बसलेल्या बायकांचं सांगितलं. सोळाच्या पोरानं रीळ हातात आल्यावर त्यांच्याकडं न बघताच तेलुगूत विचारलं, "मोटर मालकाची होती ना? तुमची कुठं होती?" उर्मटपणा नव्हता त्यात, त्याला खरंच कळलं नव्हतं. अक्का म्हणाल्या, "मोटर त्यांची. हात माझे थांबले ना रे." मग त्याच्या आईनं, तिची पाळी नसताना, बोलायला सुरुवात केली. ती स्वतः विड्या वळणारी, दिलेल्या मालातल्या विड्या खराब म्हणून छाटल्या गेल्या की त्या दिवशी चूल कशी पेटते हे तिला ठाऊक. पोराकडं बघून बोलत होती, पण ऐकत अक्का होत्या. मी तिला थांबवलं नाही. नियम नियमाच्या जागी.

ठरलं ते असं: अक्कांची आणि त्यांच्या जोडीदारणीची बुडालेली मजुरी आधी, मोटरचे पैसे दोन्ही कुटुंबांनी हप्त्यानं नंतर. हा क्रम मालकांनी मान्य केला, पण म्हणाले, "कागदावर घ्या, नाहीतर कोण देतंय." बरोबरच होतं त्यांचं. मुलांनी रविवारी समाजसेवा करायची आणि शाळेत परत जायचं. आम्ही हे लिहून मंडळापुढं ठेवलं आणि मंडळानं कलम १८ खालच्या आदेशात ते घेतलं. मोठ्या पोराचे हप्ते त्याच्या आईनं पूर्ण केले. धाकट्याचं जमलं नाही. हप्ते अर्ध्यावर थांबले, पोरगं शाळेतून पुन्हा सुटलं आणि पुढं दुसऱ्या एका प्रकरणात मंडळापुढं आलं. वडील ज्या घरात बैठकीलाही येत नाहीत, तिथं एका रविवारनं काय होणार होतं? त्याला दर आठवड्याला भेटणारं माणूस हवं होतं, ते देण्याइतके हात कुणाकडंच नव्हते.

आता जिथं सगळ्यात जास्त घोळ होतो त्याकडं येते. हे सगळं ऐकून लोक म्हणतात, "मग हे तर आपलं जुनंच. बसून मिटवायचं." नाही. आपल्याकडं २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आहे, गावोगाव समित्या आहेत, त्याआधी पंच होते, आणि पोलीस ठाण्याच्या ओट्यावर तर रोजच मिटतं. मिटवामिटवीत वजनदार माणूस मध्ये बसतो, दोन्ही बाजूंना दटावतो, एक आकडा ठरतो आणि 'आता विषय बंद' म्हणून सगळे उठतात. कमजोर बाजू 'हो' म्हणते कारण 'नाही' म्हणण्याची तिची ऐपत नसते. आमच्या कामात नव्वद टक्के मेहनत बैठकीच्या आधीची असते: प्रत्येकाला वेगळं भेटणं, कोण कुणाला घाबरतं ते शोधणं, 'नाही म्हणालात तरी काही बिघडत नाही' हे खरं वाटेपर्यंत सांगणं. ती मेहनत वगळून नुसती गोल खुर्च्या मांडल्यात, तर ती मिटवामिटवीच, फक्त गोल बसून केलेली.

जात पंचायतीच्या वळणावर जाणाऱ्या बैठकीत तर बसूच नका. एका तालुक्यात कुटुंबातल्या जाणत्यांनी मला निरोप पाठवला होता की समाजात बसून निकाल लावतो, तुम्ही फक्त सही करा. दंड समाजाला द्यायचा आणि पोराच्या घराशी रोटीव्यवहार तोडायचा, असा तो निकाल. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ चा आहे. बहिष्कार टाकणं हा तिथं गुन्हा आहे, आणि तुमची सही त्या कागदावर असेल तर तुम्हीही त्यात आलात.

पोक्सोच्या, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखालच्या, प्रकरणात तडजोडीची भाषाच काढू नका. सोळा-सतराची मुलगी, सतराचा मुलगा, घरातून पळालेले, मग मुलीच्या बापाची फिर्याद, अशी प्रकरणं मंडळापुढं भरपूर येतात आणि दोन्ही घरं काही महिन्यांनी 'आम्हाला मिटवायचंय' म्हणतात. तुम्हालाही ते शहाणपणाचं वाटेल. पण बालकावरचा लैंगिक गुन्हा दोन कुटुंबांच्या समझोत्यानं संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये राजस्थानच्या एका प्रकरणात स्पष्ट केलंय. अशा प्रकरणात मुलासोबत आणि मुलीसोबत वेगवेगळं, आधार देण्याचं काम करता येतं. समोरासमोर बसवण्याची घाई कुणी करत असेल, तर घाई कुणाला आहे ते आधी बघा.

लॉची मुलं एक प्रश्न हमखास विचारतात आणि तो चांगला आहे: बैठकीत मुलानं 'मी केलं' म्हटलं तर ते त्याच्याच विरुद्ध जाणार नाही का? अठरापर्यंत मूल निर्दोष मानायचं, हे कलम ३ मधलं पहिलं तत्त्व आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००२ मध्ये या पद्धतीसाठी घालून दिलेल्या तत्त्वांत साफ म्हटलंय की बैठकीतला सहभाग हा पुढच्या कार्यवाहीत कबुली म्हणून वापरायचा नाही, आणि समझोता झाला नाही तरी ते मुलाच्या विरोधात धरायचं नाही. पण आपल्या मंडळासमोर तुमच्या हातात त्या तत्त्वांचा नुसता कागद असतो. म्हणून मी दोन पथ्यं पाळते. मुलाच्या वकिलाला, बहुधा मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाकडून आलेल्या, आधी सगळं सांगते आणि त्याची संमती घेते. आणि बैठकीचा वृत्तांत लिहित नाही, फक्त काय ठरलं ते लिहिते. कोण काय बोललं हे त्या खोलीतच राहतं. जो मुलगा 'मी केलंच नाही' म्हणतोय त्याला बैठकीसाठी पटवायचं नाही, कितीही पुरावा दिसत असला तरी. त्याचा मार्ग चौकशीचा.

ज्याचं नुकसान झालं तो नाही म्हणाला तर? बऱ्याचदा म्हणतात. मिरवणुकीतल्या भांडणात डोळ्याला इजा झालेल्या एका मुलाच्या आईनं मला दारातच सांगितलं, "त्याचं तोंड बघायची इच्छा नाही. तुम्ही पण परत येऊ नका." मी परत गेले नाही. ज्यांच्यावर घाव झालाय ते कुणाचंही क्षमेचं देणं लागत नाहीत, आणि आपली बैठक यशस्वी व्हावी म्हणून तर नाहीच. त्या आईला फक्त एक फोन नंबर दिला होता, तारखा कळवण्यासाठी. तारखा ती विचारते.

नोकरीचं आता थोडक्यात. सोलापुरात वालचंद महाविद्यालयात समाजकार्य शिकता येतं, दयानंद विधी महाविद्यालय आहे आणि तासाभराच्या अंतरावर तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र आहे. परिविक्षा अधिकाऱ्याची पदं महिला व बाल विकास आयुक्तालयाकडून भरली जातात. जिल्हा बाल संरक्षण कक्षातली बरीच पदं मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेखाली कंत्राटी असतात, पगार यथातथाच. वकिलांना विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरून सुरुवात करता येते. विद्यार्थी असतानाच विधी स्वयंसेवक झालात तर मंडळाचं काम जवळून दिसतं. मंडळाच्या सदस्यत्वासाठी मुलांसंबंधीच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव आणि किमान पस्तीस वर्षं वय लागतं, तेव्हा तो विचार सध्या बाजूला ठेवा. त्याऐवजी तेलुगू किंवा कन्नड कामापुरती शिका. पूर्व भागातल्या निम्म्या घरांत आजी मराठीत उत्तर देते आणि खरं ते तेलुगूत सुनेला सांगते.

मंडळाच्या बैठकीत कुणालाही सहज बसू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. कॉलेजचं पत्र, ओळखपत्र आणि आपण काय बघणार, काय लिहिणार, मुलाची ओळख कशी झाकणार हे स्पष्ट लिहिलेला एक पानी अर्ज घेऊन आधी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा. परवानगी मंडळाकडून येते आणि तिला वेळ लागतो, म्हणून अर्ज सत्र सुरू होण्याआधीच टाका.